फुफीच्या जागी

माझ्या नवऱ्याच्या इकाम्यावर, म्हणजे सौदीत राहायच्या परवान्यावर, त्याचा धंदा लिहिलेला आहे: एसी दुरुस्ती. माझ्या इकाम्यावर धंदा नाही. मी त्याच्यासोबत आलेली आहे, एवढंच त्या कार्डाला ठाऊक. खेडला कॉलेजात असताना मी खाडीत घाण सोडणाऱ्यांविरुद्ध पत्रकं लिहिली, एसटी स्टँडवर स्वतःच्या हातांनी वाटली, तहसीलदाराच्या दारात उन्हात बसले. आणि जेद्दाच्या अझीझिया वस्तीत उतरल्यावर मी कोण? सोबतची! राग गिळून लिहायची मला सवय नाही, म्हणून हे आधी सांगून मोकळी होते. पुढे जे लिहिणार आहे ते मात्र कौतुकाचं आहे. कौतुक करायची वेळ माझ्यावर क्वचित येते, तेव्हा सांभाळून घ्या.

आमच्या इमारतीतल्या आया त्यांची पोरं दुपारी माझ्याकडे इंग्रजीला पाठवतात. पोरं घरात मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देणारी, भांडतात हिंदीत. मी त्यांना काय इंग्रजी शिकवणार? पण व्याकरणाच्या पुस्तकाला ती घाबरतात आणि मी घाबरत नाही, तेवढ्यावर आमचं चालतं. एकदा 'इन्स्टेड' हा शब्द वापरून वाक्यं करायची होती. आठवीतली एक मुलगी पेन चावत म्हणाली, "मिस, 'इन' कळलं. 'स्टेड' म्हणजे काय?"

मला येत नव्हतं. मी सरळ म्हटलं, "माहीत नाही, बघू या." मोबाईलवर शोधलं आणि मग त्या दुपारी व्याकरण राहिलंच बाजूला.

स्टेड म्हणजे जागा. जुन्या इंग्रजीतला साधा, रोजचा शब्द. आपण 'बस जाग्यावर' म्हणतो ना, त्यातली जागा. म्हणजे 'इन्स्टेड' हा मुळात एक शब्दच नाही, 'च्या जागी' असे दोन शब्द घासून घासून एक झालेत. खाटेच्या सांगाड्याला बेडस्टेड म्हणतात, अंथरुणाची जागा. घर आणि घराभोवतीची राबती जमीन मिळून होमस्टेड. इंग्लंडातल्या कितीतरी गावांच्या नावांना हे शेपूट आहे, जशी आपल्याकडे नावाच्या मागे वाडी लागते तसं. जागा न सोडणारा तो स्टेडफास्ट. हात थरथरत नाही तो स्टेडी. आणि एखादी गोष्ट अडीअडचणीला कामी आली की ती 'इन गुड स्टेड' उभी राहिली म्हणायचं.

पण गंमत अशी की नुसता 'स्टेड' आज कोणी इंग्रज बोलत नाही. बाजारात जाऊन कोणी म्हणत नाही की माझं स्टेड कुठाय. शब्द एकटा फिरायचा बंद झाला आणि दुसऱ्यांचे हात धरून राहिला. मला तो फार आवडला. भाषेतल्या पदवीधर शब्दांपेक्षा, भाषणांत मिरवणाऱ्या शब्दांपेक्षा हा मला जवळचा वाटला. कुठे दिसत नाही, पण काढून घेतला तर खाट मोडते, घर मोडतं, वाक्य मोडतं.

आमच्या कोकणी लोकांचं इथलं अख्खं जगणं या एका शब्दावर उभं आहे, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं. कोणी सुट्टीवर गेला की त्याच्या दुकानात मावसभाऊ बसतो. अबकैकला तेलाच्या प्लांटवर माझा दीर आहे, त्याच्या खोलीतला एकजण बहिणीच्या निकाहाला गेला, तर याने स्वतःची पाळी संपवून त्याची पाळी केली आणि वर म्हणाला, "माझं लग्न असेल तेव्हा तो करेल." लग्न ठरलेलंसुद्धा नाही त्याचं! कोणाची डिलिव्हरी असली, नवरा साइटवर अडकला, की शेजारचा माणूस हॉस्पिटलात बसून राहतो आणि नर्स त्यालाच मुबारक देऊन जाते.

आणि सगळ्यांच्या वर बदल-उमरा.

आम्ही शाफई पंथाचे. आमच्यात आयुष्यात एकदा उमरा, म्हणजे मक्क्याची छोटी यात्रा, फर्ज, करायलाच हवी. जो गेला, किंवा जो कधीच उठून येऊ शकणार नाही, त्याच्या जागी दुसऱ्याने केला तर चालतो. अट एवढीच की करणाऱ्याने स्वतःचा आधी केलेला पाहिजे. जेद्दाहून मक्का गाडीने तासाभरावर. त्यामुळे जेद्दात राहणारा कोकणी माणूस म्हणजे अख्ख्या गावाचे पाय. रत्नागिरी-रायगडातून फोन येतात, "आमच्या बाबांच्या नावाने एक करशील का रे?" आणि आठवडाभर शिडीवर चढून लोकांचे एसी उघडणारा माझा नवरा सुट्टीच्या दिवशी दोन पांढरी कापडं गुंडाळून निघतो, कधी न पाहिलेल्या म्हाताऱ्याच्या जागी उन्हात चालायला. यावर धंदा करणारे एजंटही निघालेत, फोटो आणि सर्टिफिकेटसकट. त्यांच्यावर मला एक वेगळं पत्रक लिहायचं आहे. पण माझा नवरा आणि त्याच्यासारखे शेकडो लोक हे गुपचूप करतात, आणि मी त्यांच्यापुढे मान झुकवते. मी! तहसीलदारापुढे न झुकवलेली.

हे सगळं खरं. तरीही यात एक चूक होऊ शकते, आणि ती आमच्या घरात झाली.

माझ्या नवऱ्याची एक फुफी आहे, त्याच्या वडिलांची बहीण. तरुणपणी विधवा झाली, माहेरी परत आली आणि घराच्या मागल्या अंगाला एका खोलीत स्वतःच्या चुलीवर राहिली. ओहोटीला खाडीत उतरून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायच्या, विळीवर फोडायच्या, विकायच्या, कोंबड्या पाळायच्या. कोणापुढे हात नाही. गेल्या वर्षी ती जेटीच्या पायऱ्यांवरून पडली, गुडघा गेला. कुटुंबाच्या ग्रुपवर बातमी आली: फुफी खाटेला लागली.

माझ्या नवऱ्याने त्या आठवड्यात जाऊन तिच्या नावाने उमरा केला. घरी येऊन आंघोळ करून, चहासुद्धा न घेता त्याने गावाला व्हिडिओ कॉल लावला. मी शेजारीच होते.

"फुफी, मुबारक! तुझा उमरा झाला."

"कोणाचा?"

"तुझा गं. मी केला, तुझ्या जागी."

"का? मी मेले?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे.

"तसं नाही फुफी... तू खाटेला लागलीस ना."

"खाटेवर बसलेय. लागले नाही. आता कोंबड्यांना दाणे घालून आले. तुला कोणी सांगितलं मी येऊ शकत नाही?"

"मोठ्या चाचांनी."

"आणि मला कोणी विचारलं?"

आता मजा ऐका. माझ्या नवऱ्याला वाटलं, गावातल्या चुलतभावाने तिला विचारलं असणार. चुलतभावाला वाटलं, त्याच्या वडिलांनी, म्हणजे मोठ्या चाचांनी विचारलं असणार. आणि मोठ्या चाचांना वाटलं की यात विचारायचं काय, बाईमाणूस आहे, खूश होईल. एवढ्या पुरुषांनी मिळून एका बाईला स्वर्गात नेऊन बसवायचं ठरवलं आणि तिच्या खोलीचं दार वाजवायचं मात्र एकालाही सुचलं नाही.

फुफीने त्याला शिव्या दिल्या नाहीत. "तू मन लावून केलंस, अल्ला तुला देईल. पण माझा मी करणार," म्हणाली आणि फोन ठेवला. 

दुसऱ्या दिवशी तिने मला फोन केला. मला! घरात माझी ख्याती भांडखोर सून अशी आहे, तिचा हा पहिला फायदा.

"काय गो बाय, एकटी आहेस?"

"एकटीच. बोला फुफी."

तिने मग जे सांगितलं ते असं. तिच्या खोलीसमोर, पाणंदीच्या पलीकडे, एक बाई राहायची. ती पण विधवा, पोरंबाळं नाहीत, भाऊ नाही. दोघी आयुष्यभर एकाच ओहोटीला खाडीत उतरल्या. एकीने टोपली डोक्यावर घ्यायची, दुसरीने हात द्यायचा. दोन वर्षांमागे ती वारली. त्याच्या आधी कधीतरी तिसऱ्या धुता धुता ती हसून म्हणाली होती, "तू कधी मक्क्याला गेलीस तर माझा पण करून ये. माझं तिथे कोण आहे?"

"आणि मी हो म्हटलं," फुफी म्हणाली. "पण आपला केल्याशिवाय दुसऱ्याचा होत नाही ना गो. म्हणून मला यायचंय. माझे पाय आहेत तोवर."

आता कळलं? माझं डोकं सटकलं ते इथे. बदल-उमरा, बदल-उमरा म्हणून आपण एवढं कौतुक करतो, पण तो कोणाला मिळतो? ज्याचा मुलगा इथे आहे त्याला. ज्याचा भाचा इथे आहे त्याला. इकामा असलेलं एकही माणूस जिच्या नात्यात नाही, तिच्या जागी कोण उभं राहणार? गावातल्या अशा बायका मी मनातल्या मनात आठवायला लागले आणि आठवतच गेले.

मी फुफीला म्हटलं, "मी करते त्यांच्या नावाने. माझा स्वतःचा झालाय. या शुक्रवारी जाते."

"तू तिला पाहिलं होतंस?"

"नाही."

"ती उंच होती की बुटकी?"

"फुफी, मला कसं..."

"केलास तर होईल, अल्ला कबूल करेल. मी नको नाही म्हणत. पण हो मी म्हटलंय, तू नाही."

मी दुसरं शस्त्र काढलं. कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायला त्याच दुपारी एक पत्रक लिहिलं. मथळा: 'फुफीचा हक्क, फुफीचा उमरा!' खाली पाच मुद्दे आणि शेवटी जाहीर सवाल. नवऱ्याने वाचलं, म्हणाला, "झक्कास. फक्त चाचांना हार्ट अटॅक आला तर त्यांचा बदल कोण करणार ते पण लिही." मी ऐकलं नाही. फुफीला फोनवर वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"छान लिहितेस. आवाज पण चांगलाय. आता ते ठेवून दे."

"का?"

"भाई तुझ्याशी भांडत बसेल. तुझ्याशी भांडायला त्याला आवडेल. माझ्याशी भांडायचं म्हणजे त्याला घराबाहेर यायला लागेल."

मुद्दा हा होता की तिचं आधार कार्ड, रेशन कार्ड, जन्माचा दाखला, सगळं मोठ्या चाचांच्या कपाटात. त्याशिवाय पासपोर्टचा अर्जसुद्धा होत नाही. चाचा तिचा सख्खा मोठा भाऊ. अबकैकच्या प्लांटवर आयुष्य काढून परतलेला माणूस, गावात अजूनही 'खलास' म्हणून विषय बंद करतो. फुफीने कागद मागितले तर म्हणाले, "तुझा झालाय. खलास."

मग फुफीने काय केलं, ते मला माझ्या जावेने व्हिडिओ कॉलवर दाखवलं. जाऊ म्हणजे चाचांची सून, त्याच घरात राहणारी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून फोन धरून दबक्या आवाजात धावतं वर्णन चाललेलं.

"फजरच्या नमाजनंतर, पहाटेच आल्यात. काठी न घेता. ओटीवर पाट टाकून बसल्यात. स्वतःची विळी आणलीय आणि टोपलीभर तिसऱ्या. इथेच फोडतायत! अख्ख्या ओटीला खाडीचा वास सुटलाय."

"उपोषण आहे का?"

"छे गो! चहा दिला, प्यायल्या. आंबोळ्या दिल्या, खाल्ल्या. वर म्हणाल्या, चटणीत मीठ कमी."

"घोषणा?"

"काही नाही. बसल्यात."

चाचा आत पेपर धरून बसलेले. ओटीवरून मशिदीचा रस्ता. जो जाईल तो थांबणार, "काय फुफी, इथे कशा?" आणि फुफी प्रत्येकाला एकच सांगणार, गोड आवाजात, "भाईकडे माझे कागद आहेत, ते न्यायला आलेय. शोधतायत बिचारे." दुपारपर्यंत सगळ्या मोहल्ल्याला कळलं की चाचांना कागद सापडत नाहीत. शेवटी चाचांना राहवलं नाही. दारात येऊन म्हणाले, "सापडतायत, सापडतायत! पण हिला कशाला हवेत? हिचा बदल झालाय."

नेमके तेव्हा जोहरच्या, दुपारच्या नमाजला निघालेले मौलवीसाहेब पायरीशी उभे. ते म्हणाले, "हिच्या हयातीत बदल केलात तर हिची इजाजत घेतली होती ना?"

चाचांनी चष्मा काढला, पुसला, घातला. फुफीने मान वर केली नाही, एक तिसरी फोडून टोपात टाकली. जावेच्या फोनवर तो टक असा आवाजसुद्धा मला ऐकू आला.

"इजाजत घ्यायला हवी होती," मौलवीसाहेब म्हणाले, "आणि ही तर चालतेय की." आणि ते नमाजला गेले.

चाचा नमाजहून परतले ते थेट कपाटाकडे. कागदांची पिशवी फुफीच्या मांडीवर ठेवून म्हणाले, "गुडघे गेले तर मला सांगायला येऊ नकोस."

"गुडघे माझे आहेत, भाई. तिसऱ्या ठेवल्यात तुम्हाला, सुक्कं करायला सांगा."

मी खूप ठिय्ये पाहिलेत, काहींत बसलेय. माईक, सतरंजी, पाण्याच्या बाटल्या, फोटोसाठी येऊन जाणारे पुढारी. एवढा स्वच्छ ठिय्या मी कुठे पाहिला नाही. शब्दकोशवाले सांगतात की आपल्या संस्कृतातलं स्था आणि त्या इंग्रजी स्टेडचं मूळ एकच, हजारो वर्षांमागचं, उभं राहण्याचं. आपलं स्थान, ठाणं, आणि माझ्या समजुतीने ठिय्यासुद्धा, सगळी त्याच घरातली पोरं. हे वाचलं तेव्हा माझी छाती फुगली. इंग्रजांचा मेलेला शब्द आमच्या फुफीच्या बुडाखाली जिवंत निघाला!

पासपोर्ट, व्हिसा, ग्रुपची तारीख यांत बरेच महिने गेले. तेवढ्यात माझ्या दुपारच्या वर्गात मी पोरांना 'इन हिज स्टेड', 'इन हर स्टेड' वापरून वाक्यं करायला दिली. बहुतेकांनी पुस्तकातली उतरवली. एकाने लिहिलं की, आजोबा घरी परत गेले तेव्हा कंपनीत त्यांच्या जागी बाबा आले, आणि बाबा परत जातील तेव्हा त्यांच्या जागी मी येणार नाही. मी त्याला पैकीच्या पैकी दिले. मास्तरीण म्हणून नाही, कार्यकर्ती म्हणून दिले.

या काळात मी इमारतीतल्या सगळ्या बायकांना फुफीची गोष्ट सांगून ठेवली होती, थोडं तिखटमीठ लावून. सत्तरी ओलांडलेली बाई, मोडका गुडघा, आणि स्वतःच्या पायांनी उमरा करणार म्हणजे करणार! आपल्या बाईला खुर्चीत बसवायला निघालेल्या जगाला ती दाखवून देणार! बायका 'माशाल्ला' म्हणायच्या आणि मला स्फुरण चढायचं.

ती गावाकडच्या एका उमरा-ग्रुपबरोबर विमानातच नियत, म्हणजे उमऱ्याचा संकल्प, करून मक्क्याला पोचली. आम्ही जेद्दाहून गाडी काढली. हॉटेलच्या दारात ती तिच्या बॅगेवर बसली होती. काळा बुरखा, पायांत कापडी बूट, हातात मण्यांची माळ. विमानप्रवासाने गुडघा भोपळ्यासारखा सुजलेला. नवऱ्याने डिकीतून व्हीलचेअर काढली होती, पण ती तो माझ्या पाठीमागे लपवल्यासारखी धरून उभा. थप्पड पडेल याची त्याला खात्री होती. मला तर आशाच होती.

फुफीने वाकून माझ्या मागे पाहिलं. "आणलीस? बरं झालं. उघड. यल्ला म्हणतात ना तुमच्यात? मग यल्ला, ढकल."

आणि बसली!

खरं सांगते, माझा चेहरा पडला. अख्खी इमारत जिच्या पायांकडे डोळे लावून बसली होती ती बाई खुर्चीत बसून, मांडीवर पाण्याची बाटली घेऊन, आरामात निघाली. काबा दिसला तेव्हा ती रडली, सगळे रडतात, मी पण रडले. पण सगळा तवाफ, काब्याभोवतीच्या सात फेऱ्या, खुर्चीत. मग सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमधल्या सातही फेऱ्या, चाकांच्या रस्त्याने. नवरा घामाने निथळत ढकलतोय आणि ही दुआ वाचतेय. शेवटी रिवाजाप्रमाणे मी तिच्या वेणीचं टोक कापलं. उमरा झाला. स्वतःचा, स्वतःच्या इजाजतीने.

हॉटेलात परतल्यावर मी विचारलंच. "फुफी, चालायचं होतं ना तुम्हाला?"

"आहे की."

"मग आज?"

"आज माझा होता." तिने पाय उशीवर ठेवले. "माझा कसा का होईना. अल्लाला माझे गुडघे ठाऊक आहेत, त्याच्यापुढे काय नाटक करायचंय? पाय वाचवले मी. उद्या तिचा आहे."

नवरा म्हणाला, "फुफी, तिच्या वेळीही खुर्ची चालते. मौलवींना विचारू हवं तर."

"चालते रे राजा. मला ठाऊक आहे चालते. पण तिचे पाय चांगले होते. मरेपर्यंत चांगले होते. धावायची गो ती चिखलात! आता तिच्या जागी मी जाणार, ती बसून कशी जाईल?"

इतकी पत्रकं लिहिली, पण कोणाच्या जागी उभं राहायचं तर त्या माणसाला जसं उभं राहायला आवडलं असतं तसं उभं राहावं, असं एक वाक्य मला कधी सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सीने मक्क्याच्या हद्दीबाहेरच्या मशिदीत गेलो. नव्या उमऱ्याची नियत तिथून करतात. फुफीने दोन रकात नमाज पढली आणि मैत्रिणीचं नाव घेतलं. पूर्ण नाव, तिच्या बापाच्या नावासकट, मोठ्याने. रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या. ते नाव मी इथे लिहीत नाही. फुफीने घेतलं, जिथे घ्यायचं तिथे घेतलं.

काब्याभोवतीच्या फेऱ्या ती माझा हात धरून चालली. चार बोटं माझ्या मनगटात रुतलेली. वेग मुंगीचा. मागून येणारे लोक दोन्ही बाजूंनी पाण्यासारखे पुढे जात होते. नवरा बाहेर रिकामी खुर्ची घेऊन वाट बघत होता, तो सफाशी आम्हाला भेटला. सफा-मरवाच्या फेऱ्या सुरुवातीला ठीक चालल्या. फुफी दुआ म्हणायची आणि मध्येच कोकणीत कोणाशी तरी पुटपुटायची. मी कान दिला. "चल गो, पाय उचल. भरती यायच्या आत जायचंय ना?" माझ्याशी नव्हतं ते.

पाचव्या फेरीत गुडघा दुमडला. मी धरली म्हणून पडली नाही. नवऱ्याने झटकन खुर्ची पुढे आणली. "बस फुफी. पुरे झालं. तिला पण आवडणार नाही तू पडलेली."

ती उभ्या उभ्या हापत होती. ओठ पांढरे पडलेले. मला वाटलं, आता बसते. बसावं असंच मला वाटत होतं, माझी सगळी घोषणाबाजी कुठल्या कुठे पळाली होती. तिने खुर्चीकडे पाहिलं. मग खुर्चीला वळसा घालून मागे गेली, नवऱ्याचे हात बाजूला केले, दोन्ही मुठी स्वतःच्या हातांत घेतल्या आणि अंगाचा भार त्यांच्यावर टाकून ढकलायला लागली.

रिकामी खुर्ची पुढे, फुफी मागे. आम्ही दोघं दोन बाजूंना, काही न करता. चाकांच्या रस्त्यावरचा शिपाई आला, रिकामी खुर्ची बघून नवऱ्याला अरबीत काहीतरी म्हणाला, नवऱ्याने हात जोडल्यासारखं केलं, आणि शिपाई फुफीच्या चेहऱ्याकडे बघून बाजूला झाला. समोरून येणारी एक म्हातारी, तुर्की असावी, रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून खुणेने विचारू लागली, कोण बसणार? फुफीला भाषा कळली नाही, प्रश्न कळला.

"कोणी नाही," ती कोकणीत म्हणाली. "ती चालतेय."

सहावी फेरी झाली. सातवीच्या शेवटाला मरवाचा चढ लागतो, गुळगुळीत फरशीचाच, पण तिच्या गुडघ्याला डोंगर. तिथे तिने खुर्ची सोडली. "ही इथे राहू दे," म्हणाली. माझा खांदा धरला, पाऊल, पाऊल, आणि वर जाऊन काब्याच्या दिशेला तोंड करून उभी राहिली. काहीही न धरता. किती वेळ ते मी मोजलं नाही. दुआ पूर्ण झाली तेव्हा तिने हात चेहऱ्यावरून फिरवले आणि माझ्याकडे वळून बुरख्याखालून वेणीचं टोक बाहेर काढलं.

मी कात्री चालवली. पहिला काप तिरका गेला.

"नीट काप गो," ती म्हणाली. "तिचे आहेत."